भाजल्या ज्वारीचा चहा

सून काल लाह्या भाजत होती, ज्वारी करपली. तो वास नाकात शिरला आणि मी निपाणीच्या आमच्या जुन्या चुलीपाशी जाऊन बसले.

लढाईत भाव चढलेले आणि घरात खाणारी पंधरा-वीस तोंडं. सासूबाईंनी आठवड्याच्या बाजारातून चहाची पूड काढून टाकली. ज्वारी काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, गुळाच्या पाण्यात उकळायची. सकाळच्या तिरिपेत तिचा निळा धूर कितीतरी वेळ तरंगत राहायचा.

पहिल्याच दिवशी धाकट्या दिरानं तोंड वाकडं केलं. "वयनी, ह्यो चहा न्हवं, काढा हाय!"

सासूबाई चुलीकडं तोंड करून बसल्या. सासऱ्यांनीही नको म्हटलं असतं, तर पूड आणावी लागली असती आणि पोरांच्या भाकरीवरचं तेल बंद झालं असतं.

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांनी बशी फुंकली, सावकाश प्याले.

"लई दिवसांनी कडक झालाय गं. आणि वाईच दे."

दिरानंही कप उचलला.

म्हाताऱ्याची जीभ मेली, असं मला तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही. आप्पा तंबाखूचे व्यापारी होते. पान नुसतं नाकाशी नेऊन ते कोणत्या गावच्या रानातलं, हे सांगायचे.