बॉम्बरच्या शेपटाकडचं दार

नवऱ्याच्या पन्नाशीला मी त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या बॉम्बरमधली फेरी भेट दिली, आणि त्याच फेरीत तो माझ्या डोळ्यांदेखत मरता मरता वाचला. विमान उडणार नव्हतंच. इंग्लंडात, लिंकनशायरमधल्या गवताळ धावपट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत घरघरत जायचं आणि परत यायचं. रीडिंगहून एवढं लांब ड्राइव्ह करून जमिनीवरच फिरायचं, यावरून मी त्याला रस्ताभर छळलं होतं.

चारही इंजिनं सुरू झाली आणि माझी चेष्टा घशातच राहिली. तो आवाज नुसता कानांत शिरत नव्हता, बरगड्या धरून हलवत होता. आत काळोख, पेट्रोल आणि जळक्या तेलाचा वास. आम्हाला शेपटाकडे, दाराजवळ बसवलं होतं. समोर ब्लेझर घातलेले, ऐंशीच्या घरातले एक इंग्रज आजोबा. युद्धात ते असल्याच विमानात मागच्या बंदुकीवर असायचे, एवढंच त्यांनी चढताना सांगितलं होतं.

विमानाने हिसका दिला आणि नवऱ्याने, गाडी, बोट, काहीही सुटलं की करतो तेच केलं. हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडला, "गणपती बाप्पाऽऽ!" मीही तेवढ्याच जोरात "मोरया!" म्हटलं. युद्धात या विमानात कुणी असं ओरडलं की विमान पेटलं, एवढाच अर्थ असायचा, हे आम्हाला कुठून कळणार?

आजोबा ताडकन उठले. नवऱ्याची गचांडी धरून त्यांनी त्याला उभं केलं आणि दुसऱ्या हाताने दार उघडलं. बाहेर गवत भराभर मागे पळत होतं. जरा मागेच शेपटीचं चाक.

"जंप!" ते किंचाळले. "जंप, डॅम यू!"

नवऱ्याने दाराची चौकट घट्ट धरली. त्यांनी त्याच्या बोटांवर बुटाच्या लाथा घातल्या. एक बोट भलतीकडेच वळलेलं मला दिसलं. मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. पकड सुटेना. मग मूठ वळून नाकावर मारली, आणि पुन्हा मारली. समोर म्हातारा माणूस आहे हे मला दिसत होतं आणि त्याचं काहीही वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. माझा नवरा चाकाखाली जाणार होता. त्यांचं गरम रक्त माझ्या मनगटावर आलं.

पुढे बसलेल्या स्वयंसेवकाने माइकवर बोंब ठोकली. वैमानिकाने करकचून ब्रेक लावला, आम्ही एकमेकांवर आदळलो आणि नवरा दारातून बाहेर फेकला गेला.

मी उडी मारून त्याच्याकडे धावले. तो गवतावर उताणा पडला होता. चाक हातभर अंतरावर थांबलं होतं. तो जिवंत होता. "पोलिसांना बोलवा!" मी बेभान होऊन ओरडत होते.

आजोबा धडपडत खाली उतरले, त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसले. मी मध्ये पडणार तोच त्यांनी त्याचा सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तू चौकट सोडतच नव्हतास," ते म्हणाले. "मी किती लाथा मारल्या. सगळं पेटलं होतं. तू सोडलीच नाहीस. शेवटी मी तुझ्या अंगावरून उडी मारली."

ते युद्धात विमानातच राहून गेलेल्या कुणाशी तरी बोलताहेत हे कळायला आम्हाला एक क्षण लागला. नवऱ्याचा चेहरा वेदनेने पांढरा पडला होता.

"सोडली की," तो इंग्रजीत म्हणाला. "हा काय मी. आलो ना बाहेर."

म्हाताऱ्याने त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. नवरा मोडक्या हाताने त्यांच्या पाठीवर थोपटत राहिला.

पोलीस आले. कुणी दार उघडलं, कुणी कुणाला मारलं, विचारायला लागले. माझ्या अंगात अजून आग होती, मूठ उघडत नव्हती.

"ब्रेक लागला आणि दोघेही आपटले," मी म्हटलं. "मी डॉक्टर आहे. आधी मला त्या आजोबांचं नाक बघू द्या."