खांडसच्या रस्त्यावरचा हिरवा बाण

शिळफाट्याच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी पाच वर्षं गाड्या बघायचं काम केलं. बघायचं म्हणजे खुर्चीत बसून, स्क्रीनवर. मालकाच्या अकरा गाड्या होत्या. रसायनीपासून कर्जतच्या डोंगरपायथ्यापर्यंत फार्महाऊसच्या बांधकामांना ब्लॉक, सिमेंट, वाळू पोचवायच्या. नकाशावर प्रत्येक गाडीचा एक बाण. गाडी चालू असली की हिरवा, इंजिन बंद केलं की लाल. त्यातल्या एका गाडीवर माझे वडील ड्रायव्हर होते. नोकरी मला त्यांच्याच शब्दावर लागली होती, आणि पहिल्याच महिन्यात मी त्यांना फोन करून विचारलं होतं की चहाला वीस मिनिटं कशाला लागतात. बाकीचे ड्रायव्हर हसले, पण त्या दिवसापासून सरळही आले. मला तेच हवं होतं.

माझ्या आधी हे काम नुसतं फोनवर चालायचं. ड्रायव्हर म्हणेल ती पूर्व दिशा. खोपोलीच्या हॉटेलात मिसळ खात "चौकला पोचलो" म्हणणारे महाभाग होते. मग मालकानं गाड्यांत काळे डबे बसवून घेतले. पहिले डबे नुसतेच नोंद करून ठेवायचे. महिन्यातून एकदा वायर लावून ती नोंद काढायची आणि मागच्या महिन्याच्या थापा या महिन्यात पकडायच्या, म्हणजे वरातीमागून घोडं. पुढं सिमकार्डवाले डबे आले आणि बाण आमच्या डोळ्यांदेखत चालायला लागले.

डबे बसवायला आलेल्या माणसानं मला ते नीट समजावून दिलं होतं. "ताई, उपग्रह कोणाला बघत नाही. तो फक्त सारखं सांगत राहतो, मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत." चार देवळांत एकाच क्षणी घंटा वाजली तर जवळची आधी ऐकू येईल, लांबची मागाहून. डबा तसं निदान चार उपग्रहांचं ऐकतो, कोणाचं किती उशिरा आलं ते मोजतो आणि स्वतःची जागा स्वतःच काढतो. मग ती जागा मोबाइलच्या रेंजवरून आमच्याकडं धाडतो. रेंज नसली तर पोटात साठवतो आणि रेंज मिळाली की सगळं एकदम सोडतो. तोवर आमच्या स्क्रीनवर बाण शेवटच्या जागी, शेवटच्या रंगात उभा. शेवटचा निरोप किती वाजता आला ते खाली बारीक अक्षरात दिसतं, तेवढंच.

हे सगळं मला ठाऊक होतं. ड्रायव्हरना मी ते कधी सांगितलं नाही. त्यांना एवढंच सांगायचे, "मला इथून सगळं दिसतं." वडील गावभर सांगायचे, "माझी पोर वरून बघते." त्यांनाही मी कधी टोकलं नाही. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं.

कशेळ्याच्या पुढं खांडसकडं जाणाऱ्या रस्त्याला एका खोलगट भागात रेंज जाते. तिथल्या साइटवर गाडी गेली की दोन-अडीच तास बाण गप्प. नवीन होते तेव्हा असा बाण गप्प झालेला बघून मी घाबरले होते, मालकाला सांगून मोटरसायकलवर माणूस पाठवला होता. ड्रायव्हर मजेत ब्लॉक उतरवून घेत होता. मालकानं सगळ्यांसमोर माझी चेष्टा केली. ती मला फार लागली. त्यानंतर गप्प बाण दिसला की मी दुसऱ्या कामाला लागायचे.

गेल्या वर्षी थंडी सरताना एका सकाळी वडील ब्लॉक घेऊन त्याच साइटवर निघाले. बारा वाजून दोन मिनिटांनी शेवटचा निरोप आला. बाण हिरवा, तोंड खांडसकडं. मी डबा उघडून जेवायला बसले.

पाऊण वाजता आईचा फोन आला. "अगं, यांचा फोन लागत नाय. सकाळी उजव्या हाताला मुंग्या येतायत म्हणत होते. जाऊ नका म्हटलं तर ऐकलं नाय."

"तिथं रेंज नसते, आई. साइटवर असतील. तीनपर्यंत येतील."

"तुला दिसतायत ना?"

"दिसतायत गं," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

आमची दुसरी गाडी त्याच साइटला वाळू घेऊन जात होती. तो ड्रायव्हर तेव्हा कशेळ्याला जेवायला थांबला होता. त्याला एक फोन केला असता तर तो अर्ध्या तासात तिथं पोचला असता. तसं माझ्या मनात आलंही होतं. पण पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं.

सव्वातीनला त्याच ड्रायव्हरचा कशेळ्याहून, रेंजमध्ये परत आल्यावर, फोन आला. तो जेवून, झोप काढून, आपल्या वेळेनं निघाला होता. वाटेत रस्त्याच्या कडेला आमची गाडी, आत वडील स्टिअरिंगवर कललेले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लोंबता. वडलांना आपल्या गाडीत घालून तो कर्जतला घेऊन आला. तिथून त्यांना पनवेलला हलवलं. डॉक्टर म्हणाले, याच्यावर एक इंजेक्शन असतं, पण ते ठरावीक तासांच्या आत द्यावं लागतं, आता वेळ गेली. आई माझ्याकडं बघत होती.

वडलांची गाडी रात्रभर तिथंच होती. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती कशेळ्याला आणली, तेव्हा डब्यानं पोटातलं सगळं सोडलं. मी आठवड्यानं ऑफिसात गेले आणि ते उघडून बघितलं. बारा दहाला गाडीचा वेग उतरत गेलेला. बारा चौदाला गाडी कडेला, इंजिन बंद. साडेबाराला इंजिन चालू, गाडी दोनशे मीटर पुढं, पुन्हा बंद. मग बारा अठ्ठेचाळीसला चालू, बंद. चालू, बंद. मी फोन काढून बघितला. आईचा फोन बारा सत्तेचाळीसला आला होता. मी दिसतायत गं म्हणत होते तेव्हा ते डाव्या हातानं किल्ली फिरवत होते.

वडील घरी आले. उजवी बाजू फारशी परतली नाही, बोलणं मात्र हळूहळू आलं. जड, पण समजण्यासारखं. भेटायला येणाऱ्यांना ते सगळं सांगू लागले.

"समोर वाडी होती. सुरवातीला पाय चालत होता, जाता आलं असतं. पण म्हटलं, कशाला? पोर बघते हाय. गाडी उभी राह्यली म्हणजे कोणाला तरी धाडणारच. म्हणून बसून राह्यलो. आणि धाडलंन की तिनं मागल्या गाडीला."

लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. आई चुलीकडं तोंड करून बसायची. मी पाणी द्यायचं निमित्त करून आत जायचे. नोकरी मी सोडली होती, वडलांचं करायला कोणीतरी हवं म्हणून, असं सगळ्यांना सांगून.

दोन महिने मी ते ऐकलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. एकदा आईलाही म्हणाले. ती म्हणाली, "कशाला? त्यावरच तर उठून बसतायत." मला ते सहन होईना. पोरीमुळं वाचलो, असं ते माणूस दिवसातून चारदा म्हणत होतं.

एका सकाळी त्यांच्या बोटांना तेल लावताना मी सांगितलं. उपग्रह कोणाला बघत नाही, इथपासून सुरुवात केली. रेंज कशी लागते, बाण हिरवाच कसा राहतो, आईचा फोन आला तेव्हा मी काय म्हणाले, कशेळ्याला फोन का केला नाही. सगळं.

"मंग मागल्या गाडीला कोणी धाडलं?"

"कोणी नाही, बाबा. तो वाळू घेऊन तिकडंच जात होता."

त्यांनी आपल्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं," आणि हात माझ्या हातात तसाच राहू दिला. मी तेल चोळत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी शेलूहून त्यांचा चुलतभाऊ आला. त्यानं विचारलं, कसं झालं रं? वडलांनी सांगितलं. हाताला मुंग्या आल्या, गाडी कडेला घेतली, मागून आमचीच दुसरी गाडी आली, तिनं आणलं. तेवढंच. चुलतभाऊ म्हणाला, नशीब. वडील म्हणाले, हो, नशीब.

आता कोणी विचारलं की ते असंच सांगतात. त्यात मी कुठंच नसते.