छपरावरची माती

निजामाचं राज व्हतं तवाची गोष्ट. आमचं गवताचं घर जळकोटच्या माळाला लागून. उन्हाळ्यात माळ पेटला की ठिणग्या छपरावर यायच्या. दोनदा घर जळालं. पत्र्याची ऐपत न्हवती.

एक दिस गाढवावर पांढरी माती इकणारी बाई आली. तिनं छपराची काडी वढली, बोटात चुरली. म्हणली, "हे छप्पर न्हाई, जळण हाय. माती-शेणानं सारव वरून."

घरात गडी न्हवता. तिनंच लुगडं खवलं न् वर चढली. लेकराला तेल चोळावं तशी हातानं छप्पर सारवायली.

माझी सासू खालून वरडली, "उतर खाली! घरात देव्हारा हाय. देवाच्या डोक्यावर बाई पाय देती व्हय?"

ती वरूनच हासली. "म्हातारे, आग काय गडी-बाई बघून लागती? देवच जळाला तर कुणाच्या पाया पडशील?"

मीबी पदर खवून वर गेले.

वैशाखात माळ पेटला. ठिणग्या मातीवर पडल्या न् इझल्या. ती बाई पुन्हा आली न्हाई. नावबी इचारायचं ऱ्हायलं.

तवापासून पावसानं धुतलेली माती पुन्हा सारवाया दर चैताला मी वर चढायचे. गाव नावं ठिवायचं. सासू मात्र मरस्तोवर खालून चिखलाची पाटी देत व्हती.