अण्णाचा तांबडा बाण

अण्णा गेल्याची बातमी मला दुकानातल्या फोनवर कळली. बेंगळुरात चिकपेटेतलं आमचं साड्यांचं दुकान नुकतंच उघडलं होतं आणि मी गादीवरची चादर झटकत होते. लालबागेत फिरायला येणाऱ्या कुणा सद्गृहस्थांनी फोन केला होता. "अक्का, तुमचे अण्णा इथं खडकावर बसलेत, पण बोलत नाहीत," एवढंच ते म्हणाले. मी पोचले तेव्हा माझा थोरला भाऊ खडकाला पाठ टेकून तसाच बसलेला होता. पायात नवे कोरे डोंगरी बूट. ज्याला डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नको म्हणून सांगितलं होतं, तो माणूस आम्हा सगळ्यांना चुकवून रोज खडक चढायचा सराव करत होता. त्याला कुठं जायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच रडू यायच्या आधी मला त्याचा राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात साड्या विकणाऱ्या आमच्या मराठी घरात हा भूशास्त्रज्ञ कसा निपजला, देव जाणे. दर उन्हाळ्यात तो हिमालयातल्या एका हिमनदीवर जायचा. बर्फ जिथं संपतो त्याच्यासमोर एका मोठ्या दगडावर तांबड्या रंगानं बाण काढायचा, पुढल्या उन्हाळ्यात त्या बाणापासून बर्फ किती मागं हटला ते मोजायचा आणि घरी यायचा. "एवढ्याचा तुला पगार देतात?" मी चिडवायची. "शिवाय रजाही देतात," तो म्हणायचा. रंग ऊनपावसात टिकतो का, हे बघायला तो आधी आमच्या परसात बाण काढून ठेवी. आमच्या कुंपणाला उभ्या दगडी फरश्या आहेत, इथल्या जुन्या घरांना असतात तशा. त्यांतल्या विहिरीजवळच्या फरशीवर बाणावर बाण चढत गेले. आई शेवटपर्यंत त्यावरून बोलत राहिली.

जेवताना तो हिमयुगाबद्दल बोलायचा. बर्फ एके काळी खोऱ्यात किती खाली उतरला होता, मग मागं गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला... माणसाची शेती, देवळं, लग्नकार्यं सगळी दोन थंड्यांच्या मधल्या उबेत उरकलेली. "ते युग संपलं असं समजू नकोस विमे," तो म्हणायचा, "ते नुसतं उठून आतल्या खोलीत गेलंय." मी हसायची, पण ताटावर हात थांबायचा. बर्फ मागं हटताना दगडमातीचा मोठा बांध सोडून जातो, आणि वितळलेलं पाणी त्या बांधामागं साठत राहतं. अण्णाच्या हिमनदीसमोर असंच एक तळं तयार झालं होतं, वर्षागणिक वाढत होतं. बांधाच्या खाली, ओढ्याकाठी, देवरामचं गाव. देवराम म्हणजे अण्णाचं सामान वाहणारा, त्याला रांधून घालणारा आणि तापात त्याचे पाय चेपणारा माणूस. त्यानं एकदा विचारलं, "साहेब, बांध टिकेल?" अण्णानं बांधावर बुटाची टाच आपटली. "दगड आहे. पक्का आहे." जन्मल्यापासून बेंगळुरातल्या खडकावर वाढलेला माणूस तो, दगडाखाली दगडच असतो हे त्याच्या अंगात मुरलेलं. पदवी, परदेशवारी, सगळं त्यापुढं फिकं पडलं. त्या शब्दावर देवरामनं उंचावरचं घर सोडून ओढ्याकाठी नवं बांधलं, आणि त्याच्यामागून गावातले बरेच जण खाली आले.

मग अण्णाचं हृदय कुरकुरायला लागलं आणि त्याच्या जागी रेवती गेली. रेवती त्याची विद्यार्थिनी, नागपूरची, त्याच्याच ऑफिसात लागलेली. थंडीच्या तोंडाशी परत आली ती थेट आमच्याकडे, हातात फोटो घेऊन. "सर, बाण बघा," एवढंच म्हणाली. बांधावरच्या दगडावरचा तो बाण बर्फाकडे रोखलेला असायचा. आता दगड कलून तो खाली, तळ्याच्या पाण्याकडे रोखलेला होता. अण्णानं फोटो उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "बांधाच्या पोटात बर्फ आहे, विमे. जुना, त्या हिमयुगातलाच. मी त्याच्यावर उभा राहून त्याला दगड म्हणत होतो. आता तो वितळतोय." त्याचा आवाज इतका साधा होता की मला भीती वाटली.

वाट बर्फानं बंद व्हायच्या आत देवरामला पत्र गेलं, खालची घरं सोडा म्हणून. हिवाळा सरता सरता देवरामचं उत्तर आलं. पक्का आहे असं साहेब आमच्यासमोर म्हणाले होते, नाही म्हणायचं तर तेही समोर येऊन म्हणावं, मग आम्ही घरं उचलू. मी म्हटलं, कॅसेटवर बोल, रेवती नेईल. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी स्टूलवरून उठलेच. "मी तिथं टाच आपटली होती. चूक कॅसेटवर सांगतात होय?" दुसऱ्याच दिवशी तो बूट घेऊन आला.

अण्णाचे दिवसवार उरकल्यावर वाट उघडली तशी रेवती निघाली. "अक्का, माझ्या शब्दावर नाही उठणार गावकरी," ती म्हणाली, "पण ओढत का होईना, त्यांना वर बाणापाशी नेईन." पायथ्याच्या गावातून तिचा एक फोन आला, उद्या चढते म्हणून. त्यानंतर काही नाही. तिकडं आता ऊन तापलं असेल. फोन वाजला की दुकानातली सगळी माझ्याकडे बघतात...

आमच्या शेजारचं जुनं घर पाडून तिथं फ्लॅट उठतायत. गाड्या ठेवायला तळघर हवं म्हणून कुंपणाला लागूनच खोल खड्डा खणलाय. मी रोज सकाळी पाणी काढायला जाते तेव्हा अण्णाचा बाण बघते. परवा तो मला स्वल्प कललेला वाटला. काल पुन्हा बघितला आणि शेजारच्या मेस्त्रीला हाक मारली. तो खड्ड्यातून वर आला, हसला आणि आमच्या फरशीवर पायानं ठोकून म्हणाला, "कल्लु अम्मा, गट्टि इदे." दगड आहे, पक्का आहे. तो खाली गेल्यावर मी फरशीला हात लावून उभी राहिले, आणि घरात फोन वाजायला लागला.