यमाईच्या डोंगराची वळणं

कुंडल गावच्या माझ्या चुलतभावाने शर्यतीच्या गाडीसारखी पळणारी परदेशी सेडान आणली, तेव्हा मी मनात हसलो. चार दारं, मऊ कातडी सीटा आणि आत असलं इंजिन, म्हणजे लग्नाच्या कोटात पैलवान.

नवी गाडी आधी औंधच्या यमाईला न्यायची, ही घरची रीत. पण त्याच्या आईला, माझ्या चुलतीला, गाडी लागते. वळणं आली की उलट्या. त्यामुळे कुलदेवीला ती लग्नानंतर एकदाच जाऊन आली होती. "आवंदा तरी देवीचं तोंड दिसू दे," म्हणत ती लिंबू हुंगत पुढे बसली.

गाडीचं पोट घासू नये म्हणून प्रत्येक उंच गतिरोधकाला आम्ही मागचे तिघे उतरून चालायचो. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलंच, "धक्का मारू का रं गड्या?"

मग यमाईच्या डोंगराची वळणं लागली. भावाने वेग फारसा कमी केला नाही, तरी गाडी कुठे झुकली नाही की डुलली नाही. रस्ता मुठीत धरल्यासारखी वळत गेली. आमचे डोळे चुलतीवर होते आणि ती खिडकीतून खालचं गाव बघत होती. इथे मी ही गाडी बनवणाऱ्या इंजिनियरांना मनोमन हात जोडले.

"आलं व्हय देऊळ?" तिने विचारलं.

दर्शन मनासारखं झालं. गाडीत बसताना ती लेकाला म्हणाली, "आता पाटणला माज्या भनीकडं ने. लय वळणं हायती म्हणून तिचं घर मी अजून बघितलंच न्हाई."