चार चमचे धनेपूड

बसा, चहा येतोय. राहुरीच्या बाजारात मी काय तमाशा केला ते तुमच्या कानावर आलंच असेल. आता माझ्याच तोंडून ऐका, निदान खरं तरी ऐकाल.

आमच्या शैलाला संधिवात. सकाळी बोटं इतकी सुजतात की विळीवर भाजी चिरता येत नाही. डॉक्टरांनी तेलकट बंद करून दुधी, पडवळ, शेवगा असल्या भाज्या खायला सांगितल्या. म्हटलं, आता स्वयंपाक माझ्याकडे. आख्खी शाळा चालवली, एक दुधी शिजवता येणार नाही?

शैलानं पहिला घास घेतला आणि बाहेर काढला. "कडू लागतंय हो." मी भाजी चाखली. कारल्यानं हात जोडावेत इतकी कडू!

माझं डोकंच फिरलं. कडू दुधी विषारी असतो, एवढं मला माहीत. आजारी बाईच्या ताटात विष? शैला म्हणत होती, "अहो, थांबा, काय काय घातलंत ते तरी सांगा." पण मी भाजी डब्यात भरून स्कूटरला किक मारली होती. मला कोणी थांबा म्हटलं की माझा राग आणखी जोरात पळतो.

सकाळी ज्यांच्याकडून दुधी घेतला त्या मावशी गोणपाटावर रास लावून बसल्या होत्या. डबा त्यांच्यापुढे आपटला. "विष विकता तुम्ही. माझी बायको मरता मरता वाचली."

"काय बोलताय सर? सकाळधरनं समद्यांनी नेलेत, कुणाची तक्रार न्हाई."

"मग चाखा."

त्यांनी चाखली आणि तोंड वाकडं केलं. झालं, मला पुरावा मिळाला. प्रार्थनेच्या मैदानावरचा जुना आवाज लावला. माणसं जमली. एका बाईनं पिशवीतला दुधी काढून रासेवर ठेवला. मग दुसरीनं. कोणीतरी म्हणालं, दोडकेही तसलेच असतील. दोडकेही परत आले. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी थांबलो का? उलट शैलाला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"सांग सगळ्यांना, भाजी कडू होती की नाही?"

"होतीच. पण धनेपूड कुठल्या डब्यातली घातलीत?"

"निळ्या झाकणाच्या."

मग सगळ्या बाजाराला ऐकू गेलं, "अहो, ती माझी मेथीची पूड. सांध्यांसाठी चिमूटभर घेते मी रोज. किती घातलीत?"

"चार चमचे," हे मी मोठ्यानं का सांगितलं, देव जाणे.

लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "माफी घरी न्या. माझं गिऱ्हाईक तुमी घालवलंत, तुमीच परत आना. बसा हितं."

बसलो. मावशी दुधीची चकती कापायच्या, मी ती लोकांदेखत कच्ची खायची आणि "गोड आहे, घ्या" म्हणायचं. स्वतःचाच असा संताप आला होता की प्रत्येक चकती दातओठ खात चावली. हळूहळू गिऱ्हाईक परत आलं, रास उतरायला लागली.

तेवढ्यात समोर एक टेम्पो थांबला. माझा जुना विद्यार्थी. उतरून माझ्याकडे, गोणपाटाकडे, हातातल्या चकतीकडे पाहत राहिला. मग जवळ येऊन वाकला आणि हळूच म्हणाला, "सर, पेन्शन बंद झाली का?"

मला काही बोलता आलं नाही. तोंडात दुधी होता.