पाण्याखालचा खुंट

तो अपमान मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत मासेमारीच्या होड्यांसाठी जीपीएस रिसीव्हर बनतात. कोणत्या उपग्रहाचा सिग्नल घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवण्याचं काम माझं. क्षितिजालगतच्या उपग्रहाचा सिग्नल पाण्यावर आपटून वाकड्या वाटेने येतो आणि जागा चुकवतो. तो वगळायचा, वर चारी दिशांना पसरलेले तेवढे घ्यायचे, अशी सेटिंग मी केली होती.

मीटिंगमध्ये आमचे टीमप्रमुख सर म्हणाले, "जास्त सिग्नल म्हणजे जास्त अचूक. तुमच्या घरी कोणी शिकलेलं नाही ना, म्हणून पुस्तकात छापलेलं सगळं खरं वाटतं तुला."

सगळे हसले. सर नौपाड्याचे, वडीलही इंजिनिअर. आमच्या मानपाड्याच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. त्यांनी माझी सेटिंग काढून टाकली. मी वाद घातला नाही. ती लॅपटॉपवर जपून ठेवली आणि वाट पाहिली.

उत्तनच्या समुद्रात चाचणी होती. जाळं बांधायचा खुंट तळात ठोकलेला असतो, भरतीला पाण्याखाली जातो. त्याची जागा मी आधीच, ओहोटीला तो दिसत असताना, माझ्या सेटिंगने नोंदवली होती. धुक्यात किनाऱ्याच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून मच्छीमार सोसायटीला रिसीव्हर हवा होता. खुंट सापडला तरच ऑर्डर.

रिसीव्हरने दाखवलं तिथे होडी चालवणाऱ्या तांडेलने बांबू खाली घातला. नुसतं पाणी. पुन्हा घातला. पाणीच.

"साहेब, खुंट पोहायला गेला काय?"

होडीभर हशा. सर माझ्या कानाशी आले. "अगं, तुझी ती सेटिंग टाक ना."

"कुठली सर? पुस्तकातली?" मी मुद्दाम मोठ्याने विचारलं. "तुम्ही काय काढून टाकलंत ते आधी यांना सांगा. मग टाकते."

"इथे?"

"मला बोललात तेही सगळ्यांसमोरच ना."

होडी डुलत राहिली. मी लॅपटॉप उघडला नाही. शेवटी सरांनी सांगितलं, मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. मग मी सेटिंग बदलली. तांडेलने होडी जराशी वळवली, बांबू घातला आणि तो लाकडावर आपटला.

ऑर्डर मिळाली. परतताना सरांना बोट लागली, उलट्या सुरू झाल्या. आईने दिलेलं लिंबू माझ्या पर्समध्ये होतं. मी ते काढलं नाही.